विश्लेषण : वाढदिवसाला एकट्यानेच परदेशी... जुनी शहरे त्यासाठी योग्य का? पेनांग आणि मलाक्का काय सांगतात?

वाढदिवसाला केक आणि हॉटेलातल्या पार्टीऐवजी एकट्यानेच परदेशातल्या एखाद्या जुन्या शहरात जायचे, गल्ल्या तुडवायच्या आणि मनसोक्त खायचे. अशा सहलींचे फोटो समाजमाध्यमांवर सतत दिसतात. घरात मात्र हा बेत सांगितला की पहिला प्रश्न येतो, ‘एकटीच? आणि तेही वाढदिवसाला?’ ही निव्वळ चैन आहे, की त्यामागे काही विचार असू शकतो? आणि आपण ज्या शहरात जाऊन आनंद घेतो, त्या शहराचे त्यातून काय होते? मलेशियातील जॉर्ज टाउन (पेनांग) आणि मलाक्का या दोन शहरांच्या उदाहरणातून हे समजून घेऊ.

आक्षेप नेमका कशाला?

सुरक्षिततेची काळजी खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण बऱ्याचदा आक्षेप त्याहून वेगळा असतो. आपल्याकडे वाढदिवस हा औक्षणाचा आणि घरच्यांसोबत जेवण्याचा दिवस. त्या दिवशी एकटे असणे म्हणजे काहीतरी बिनसले आहे, असा अर्थ काढला जातो. मुलगा एकटा गेला तर ‘फिरायला गेला’ आणि मुलगी गेली तर ‘घरी भांडण झाले का?’ हा फरकही त्यातच येतो. वर्षभर नोकरी, घर आणि इतरांच्या वेळापत्रकानुसार चालणाऱ्या व्यक्तीला चार दिवस स्वतःच्या भुकेनुसार आणि स्वतःच्या चालीने घालवावेसे वाटले, तर त्यात नात्यांचा अपमान कुठे होतो? औक्षण परतल्यावरही करता येते.

मलेशियाच का?

पहिले कारण कागदपत्रांचे. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसाची गरज नाही. ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ‘डिजिटल अरायव्हल कार्ड’ हा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. तो मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहावे.

दुसरे कारण शहरांच्या रचनेचे. जॉर्ज टाउन आणि मलाक्का यांना युनेस्कोने २००८ मध्ये एकत्रितपणे जागतिक वारसा दर्जा दिला. दोन्हींचे जुने भाग पायी फिरण्याजोगे आहेत. खाली दुकान, वर घर आणि समोर छताखालचा सलग ओटा अशी इथल्या घरांची ठेवण. ऊन असो वा पाऊस, माणूस या ओट्यावरून चालत राहतो. वरच्या मजल्यावर वस्ती आणि खाली उघडी दुकाने असली की रस्त्यावर सतत कुणाचे तरी लक्ष असते. एकट्या प्रवाशाला त्याचा मोठा आधार वाटतो.

एकट्याचे पान कसे मांडले जाते?

एकट्याने फिरणाऱ्यांची खरी अडचण जेवणाच्या वेळी होते. चौघांच्या टेबलावर एकटे बसायचे, वेटरने ‘अजून कोणी येणार?’ विचारायचे, आणि एका भाजीतच पोट भरायचे. पेनांगच्या खाऊगल्ल्यांत ही अडचण जवळपास उरत नाही. तिथल्या ‘कोपीतियाम’मध्ये म्हणजे कॉफीच्या दुकानात चहा-कॉफी दुकानदाराची असते आणि पदार्थ वेगवेगळ्या गाडीवाल्यांचे. प्रत्येकाची खासियत एक किंवा दोन पदार्थ. टेबल सापडले की बसायचे, हव्या त्या गाडीवर मागणी नोंदवायची. टेबलावर अनोळखी माणूस येऊन बसला तरी कुणाला खटकत नाही.

पदार्थही एका माणसाच्या बशीत मावणारे असतात. मोठ्या आचेवर परतलेल्या तांदळाच्या रुंद नूडल्सचे ‘चार कोय तेओ’, माशाच्या आंबट रश्शातली ‘आसाम लाक्सा’. बर्फ, नारळाचे दूध आणि माडाचा गूळ घातलेले ‘चेंडोल’ कोकणातल्या माणसाला परके वाटणारच नाही. ‘नासी कंदार’चे नाव तर आणखी बोलके आहे. नासी म्हणजे भात आणि कंदार म्हणजे खांद्यावरची कावड. तमिळ मुस्लीम विक्रेते कावडीतून भात आणि कालवण घेऊन फिरत, त्यावरून हे नाव पडले. मलेशियाच्या न्याहारीच्या संस्कृतीला युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यात रोटी चनाई आणि ‘तेह तारिक’ म्हणजे उंचावरून ओतून फेसाळलेला चहाही आहे.

शाकाहारींचे काय?

इथे थोडी पूर्वतयारी हवी. भाजी दिसली म्हणून पदार्थ शाकाहारी असेलच असे नाही. ‘बेलाचान’ हा वाळवलेल्या कोळंबीचा गोळा अनेक पदार्थांत असतो. जॉर्ज टाउनच्या ‘लिटल इंडिया’त केळीच्या पानावरचे जेवण मिळते, चिनी बौद्धांची शाकाहारी उपाहारगृहेही आहेत. ज्यांना माशांची ॲलर्जी आहे, त्यांनी ती मलय भाषेत लिहून फोनमध्ये ठेवलेली बरी.

मलाक्काचा कोकण-गोव्याशी संबंध काय?

अफोन्सो दे अल्बुकर्क याने १५१० मध्ये गोवा घेतले आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. पुढे १६४१ मध्ये डचांनी आणि १८२४ च्या करारानंतर इंग्रजांनी या शहरावर अंमल केला. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव गोव्यात आणण्यापूर्वी काही महिने मलाक्काच्या टेकडीवरील सेंट पॉल चर्चमध्ये पुरले होते. ती रिकामी जागा आजही दाखवली जाते. मलाक्कातील पोर्तुगीज वंशाचा समाज ‘क्रिस्तांग’ ही बोली बोलतो. रायगड जिल्ह्यातील कोर्लईची पोर्तुगीजमिश्रित बोली तिची लांबची बहीण म्हणावी लागेल. याच शहरात १७८१ मध्ये उभारलेले गणेशाचे मंदिर आहे आणि त्याच रस्त्यावर मशीद आणि चिनी मंदिरही आहे. इतके ठाऊक असले की मलाक्का फोटोपुरते उरत नाही.

खर्च कुठे वाढतो?

खाण्यावर फारसा नाही. एक रिंगिट म्हणजे वीसच्या आसपास रुपये, आणि गाडीवरची एक बशी साधारण दहा रिंगिटच्या आत-बाहेर मिळते. एकट्याला फटका बसतो तो खोलीचा. दोघांत वाटला जाणारा खर्च एकावर पडतो. सहल कंपन्याही एकट्या प्रवाशाकडून जादा आकार घेतात. शिवाय परदेशी पाहुण्यांना प्रत्येक खोलीमागे रोज दहा रिंगिट पर्यटन कर द्यावा लागतो. विमा, परतीचे तिकीट आणि हाताशी थोडी रक्कम यात काटकसर करू नये. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर वाढदिवस करण्यात स्वातंत्र्य कमी आणि पुढच्या वर्षाचे ओझे जास्त. त्यापेक्षा सहल वर्षभर पुढे ढकललेली बरी.

पण जुने शहर कोणासाठी?

हा प्रश्न सहलीच्या जाहिरातींत येत नाही. जॉर्ज टाउनची जुनी घरे टिकली, याचे एक मोठे कारण भाडे नियंत्रण कायदा होते. १९६६ च्या त्या कायद्याने फेब्रुवारी १९४८ पूर्वीच्या इमारतींमधील भाडी गोठवली होती. ते संरक्षण २००० च्या सुरुवातीला संपले. भाडी वाढली, अनेक जुने भाडेकरू आणि छोटे कारागीर शहराच्या मध्यातून बाहेर पडले. वारसा दर्जानंतर त्यांच्या काही घरांत हॉटेले आणि कॅफे आले. गिरगावच्या चाळी पाहिलेल्यांना हा पेच नवा नाही. आपल्याकडे भाडी गोठल्यामुळे दुरुस्त्या रखडल्या, पण माणसे राहिली. तिथे अनेक इमारती सजल्या आणि माणसे गेली. दोन्हीपैकी एकही उत्तर पुरेसे नाही.

भिंतीवरच्या चित्रांचेही तसेच. लिथुआनियाचे चित्रकार अर्नेस्ट झाखारेविच यांनी २०१२ मध्ये काढलेल्या सायकलवरच्या मुलांच्या चित्रासमोर आज रांग लागते. समुद्रात खांबांवर वसलेल्या चिनी कुळांच्या वस्त्यांत पर्यटक थेट घरांसमोरून फिरतात. तिथे लोक अजूनही राहतात, स्वयंपाक करतात, देवापुढे उदबत्ती लावतात. त्यांच्या दारात कॅमेरा रोखणे म्हणजे आपल्या चाळीच्या गॅलरीत अनोळखी माणसाने येऊन फोटो काढण्यासारखेच आहे.

मग जावे का?

जरूर जावे. ज्याला परवडते, त्याने कुणाच्या भुवयांची पर्वा करू नये. एकटा प्रवासी जुन्या शहराला गर्दीच्या सहलीपेक्षा कमी त्रास देऊ शकतो. तो बसभर माणसे घेऊन उतरत नाही, त्याला थांबायला वेळ असतो, तो गाडीवर खातो आणि पैसे थेट शिजवणाऱ्याच्या हाती जातात. मात्र हा फायदा आपोआप मिळत नाही. दोन दिवसांत चार शहरे उरकण्यापेक्षा एका शहरात तीन रात्री राहणे, साखळी कॅफेऐवजी जुन्या कोपीतियाममध्ये बसणे आणि फोटोआधी विचारणे, इतके पथ्य पाळावे लागते. घरच्यांसाठीही एक पथ्य आहे. मुक्कामाचा पत्ता, पासपोर्टची प्रत आणि रोज एका ठरलेल्या वेळचा फोन मागावा. ती काळजी रास्त आहे. ‘एकटीच का?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र तिच्याकडे मागू नये.