तिकीट कोणाला आणि रुसणार कोण?

२०२४ च्या रमजानचा पहिला रोजा १२ मार्चला झाला. दुसऱ्याच दिवशी भाजपची यादी आली आणि नगरमधून डॉ. सुजय विखे पाटील यांचे नाव पुन्हा जाहीर झाले. त्या आठवड्यात आमच्याकडे इफ्तारला पाहुणे होते. मगरिबची नमाज झाली, चहा आला आणि दस्तरखान उचलायच्या आत आम्ही मंडळींनी मतदारसंघाचा निकाल लावूनही टाकला. मागच्या निवडणुकीतले २,८१,४७४ चे मताधिक्य, आजोबांपासून चालत आलेले नाव, वडील राज्यात मंत्री, हाताशी कारखाना, कॉलेज, दवाखाना. जानेवारीत साखरही घरोघर वाटून झालेली. समोर तर अजून उमेदवारच नव्हता. नीलेश लंके तेव्हा अजित पवारांच्या गटाचे आमदार, म्हणजे महायुतीतलेच. "एकतर्फी आहे," असे आम्ही म्हणालो आणि बैठकीत कोणी हरकत घेतली नाही.

हरकत आली ती आतल्या खोलीतून. पारनेर तालुक्यात दिलेल्या आमच्या एक खाला भांडी आवरत होत्या. त्यांनी तिथूनच विचारले, "कांद्याची निर्यात उघडली का रे?" उघडली नव्हती, डिसेंबर २०२३ पासून बंद होती. "बरं, राम शिंदेंना तिकीट पाहिजे होतं ना? ते आता मनापासून फिरणार का?" आम्ही हसलो आणि विषय शीरखुर्म्याच्या दुधावर गेला.

अठराव्या रोजाला, २९ मार्चला, लंके यांनी आमदारकीचा राजीनामा दिला. ते शरद पवारांच्या पक्षाचे उमेदवार झाले. १३ मे रोजी मतदान झाले आणि ४ जूनला लंके २८,९२९ मतांनी निवडून आले. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून ज्यांना प्रचारात हिणवले गेले, त्यांनी लोकसभेत शपथ इंग्रजीत घेतली. खालांनी आम्हाला फोन केला नाही, ही त्यांची मेहरबानी.

आमचा अंदाज चुकला याचे दुःख नाही. अंदाज चुकतातच. आम्ही चुकीच्या ठिकाणी पाहत होतो, हे मात्र बोचते. गर्दी, पैसा, घराणे आणि मागचे मताधिक्य एवढेच आम्ही मोजले. तिकीट ठरताना पक्षाच्या आत काय मोडले, कोण दुखावले, कोणाला बाहेर वाट मिळाली, हे मोजलेच नाही. नगर जिल्ह्यात निवडणुकीची अर्धी गोष्ट तिथेच लिहिली जाते.

अमेरिकेत ही पक्षाच्या आतली लढाई उघड्यावर होते. अध्यक्षपदाची खरी निवडणूक नोव्हेंबरात. पण त्याआधी रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांचे उमेदवार राज्याराज्यांत मतदान घेऊन ठरतात. त्याला प्रायमरी म्हणतात. ही लढत सुरू होण्याच्या वर्षभर आधीपासूनच कोणाला किती संधी याचे आडाखे बांधले जातात. फ्लोरिडाचे राज्यपाल रॉन डिसँटिस २०२२ मध्ये सुमारे १९ टक्क्यांच्या फरकाने पुन्हा निवडून आले, तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे पुढचे उमेदवार तेच, असे अनेकांनी धरले होते. १५ जानेवारी २०२४ ला आयोवा राज्यात पहिला कौल लागला: ट्रम्प ५१ टक्के, डिसँटिस २१. सहा दिवसांनी त्यांनी माघार घेतली. त्याआधी २०१६ मध्ये जेब बुश यांच्या पाठीशी दहा कोटी डॉलरहून जास्त निधी होता, बाप आणि भाऊ दोघेही माजी अध्यक्ष होते. तरी तिसऱ्याच राज्यानंतर, फेब्रुवारीतच, त्यांना थांबावे लागले.

उलट बाजूही पाहा. जून २०१५ मध्ये ट्रम्प यांनी उमेदवारी जाहीर केली तेव्हा बड्या जाणकारांनी ती थट्टेवारी नेली. डिसेंबरात मुसलमानांना अमेरिकेत प्रवेशबंदी करावी असे ते बोलले, तेव्हाही पुष्कळांना वाटले की आता हे संपले. ते जिंकले, आणि २७ जानेवारी २०१७ ला सात मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांवर प्रवेशबंदीचा हुकूम निघाला. विमानतळांवर कुटुंबे अडकली. उमेदवार ठरत असतानाच्या गोष्टीला करमणूक समजले की पुढे ती कोणाच्या तरी दारात येऊन उभी राहते.

आपल्याकडे प्रायमरी नाही. एकदा प्रयोग झाला होता. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांचे मतदान घेऊन उमेदवार ठरवले. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. वर्ध्यात तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे जिंकले, लातुरात दत्तात्रय बनसोडे. दोघेही लोकसभेला पडले आणि मेघे पितापुत्र त्याच वर्षी भाजपमध्ये गेले. प्रयोग तिथेच गुंडाळला. आम्हाला विचाराल तर कल्पना वाईट नव्हती. पण ज्या घरात तिकीट आधीच होते त्याच घरात ते मतपेटीतून पुन्हा निघाले, तर कार्यकर्त्याने काय शिकायचे?

नगरची प्रायमरी मात्र बिनमतपेटीची आणि जुनी आहे. १९९१ मध्ये काँग्रेसचे तिकीट यशवंतराव गडाखांना मिळाले आणि बाळासाहेब विखे पाटील अपक्ष उभे राहिले. गडाख जिंकले, पण प्रचारातल्या आरोपांवरून प्रकरण कोर्टात गेले, निवड रद्द झाली आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती रद्दच ठेवली. एका पक्षातले तिकिटाचे भांडण दिल्लीच्या कोर्टापर्यंत पोहोचले. २००९ मध्ये राष्ट्रवादीने शिवाजी कर्डिले यांना उभे केले, राजीव राजळे अपक्ष लढले आणि भाजपचे दिलीप गांधी निवडून आले. २०१४ ला याच गांधींनी राजळेंना दोन लाखांहून जास्त मतांनी हरवले. पुढच्याच वेळी, २०१९ ला, पक्षाने त्यांचे तिकीट कापले. कारण जागावाटपात नगर राष्ट्रवादीकडे राहिले, काँग्रेसच्या सुजय विखेंना तिथून तिकीट मिळेना, म्हणून ते भाजपमध्ये गेले. वडील राधाकृष्ण विखे तेव्हा विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते होते! तीन वेळा खासदार झालेल्या माणसाची उमेदवारी एका पक्षप्रवेशाने गेली. मतदाराला यातले काहीच कोणी विचारले नाही.

म्हणून एखाद्या इच्छुकाची सुरुवातीची संधी पाहायची असेल तर त्याच्या मिरवणुकीपेक्षा तिकीट न मिळालेल्याचे अंगण पाहावे. त्याच्या तालुक्याबाहेर त्याला कोण ओळखते तेही पाहावे. आणि तालुक्यावर फार भिस्त ठेवू नये. लंके यांना लोकसभेत साथ देणाऱ्या पारनेरने पाच-सहा महिन्यांत, नोव्हेंबरच्या विधानसभेला, त्यांच्या पत्नी राणी लंके यांना थोड्या मतांनी पाडले. कर्जत-जामखेडला रोहित पवार अवघ्या १,२४३ मतांनी तरले. संगमनेरात बाळासाहेब थोरात पडतील असे आमच्या बैठकीत कोणी म्हटले असते तर त्याला आधी पाणी पाजले असते.

आता आपल्या घराविषयी थोडे कडू. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. नाराजी झाली, काँग्रेसचे आरिफ नसीम खान उघड बोलले, आणि मग मतदान झाले. नाराजी यादी आल्यावर झाली, म्हणजे उशिरा झाली. यादी बनत असते तेव्हा आपण कुठे असतो? इच्छुक मोहल्ल्यात येतो, इफ्तारला टोपी घालून फोटो काढतो, आपणही काढून घेतो. त्याने कब्रस्तानच्या भिंतीचे बोलावे, आपण मान डोलवावी. मुलींच्या कॉलेजच्या बसचे, शिष्यवृत्तीचे, दाखल्यांसाठी घालाव्या लागणाऱ्या चकरांचे कोण विचारते? आणि त्या बैठकीत बायका कुठे असतात? आतल्या खोलीत.

हजरत उमर (रजि.) यांनी आपल्यामागे कोण हे ठरवायला सहा जणांची शूरा नेमली होती. त्यांतल्या हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी आधी स्वतःचे नाव मागे घेतले आणि मग तीन दिवस मदिनेत लोकांना विचारत फिरले. इतिहासकार लिहितात की त्यांनी पडद्याआडच्या स्त्रियांनाही विचारले. निवड ठरल्यावर विचारले नाही, ठरण्याआधी विचारले. पद मागणाऱ्याला पद देऊ नये अशा आशयाची हदीसही आपण ऐकलेली असते. आज ‘इच्छुक’ हा शब्द पदवीसारखा फ्लेक्सवर छापतात.

एक साधन मात्र आपल्या हातात आहे आणि ते फारसे कोणी वापरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार, लोकसभा-विधानसभेला गुन्हे दाखल असलेला उमेदवार दिला तर पक्षाला ४८ तासांत वर्तमानपत्रात आणि समाजमाध्यमांवर सांगावे लागते: गुन्हे कोणते, आणि स्वच्छ माणूस सोडून यालाच का निवडले. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढेच कारण चालत नाही. या जाहिराती बारीक अक्षरांत येतात. घरात पेपर वाचणारी मुले-मुली असतील तर त्यांना ते काम द्यावे. निवडणूक आयोगाच्या ॲपवर उमेदवाराचे शपथपत्रही दिसते. मालमत्ता, शिक्षण, खटले, सगळे.

मध्यंतरी एक तरुण इच्छुक आमच्याकडे आला होता. पक्षाचे तिकीट नक्की आहे, फक्त एबी फॉर्म हातात पडायचा आहे, असे तो सांगत होता. खाला त्या दिवशी आमच्याकडेच होत्या आणि या वेळी आम्ही त्यांना बाहेर बोलावून बसवले. त्यांनी पत्रक चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाल्या, "बेटा, हे सगळं छान आहे. फॉर्म दुसऱ्याला मिळाला तर तू कोणत्या पक्षात असशील?"

तो हसला. "खाला, तुम्ही दुआ करा," म्हणाला, चहा संपवला आणि शेजारच्या घरी गेला. पत्रक आम्ही फ्रिजवर लावून ठेवले आहे. त्यावर पक्षाचे चिन्ह नाही, नुसता फोटो आहे.