पोस्टकार्डाला कायदा, मोबाइलला फौजदार!

पोस्टकार्डावर लिहिलेला मजकूर वाटेत कोणीही वाचावा. टपालवाला वाचतो, शेजारी वाचतो, आणि लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक असते. तरीही ते कार्ड टपालखात्याच्या ताब्यात आहे तोवर आपल्या देशाचा कायदा त्याचे मोठ्या निष्ठेने रक्षण करतो. पोलिसांना तपासासाठी ते हवे असेल, तर जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांपैकी कोणाचा तरी आदेश आणावा लागतो. पोलीस आयुक्तांचा अधिकार फार तर एवढाच, की आदेश येईपर्यंत कार्ड शोधून अडवून ठेवा, असे त्यांनी टपालखात्याला सांगावे. ही तरतूद इंग्रजी अमदानीपासून चालत आली आहे, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९५ व्या कलमात ती जशीच्या तशी नांदते आहे.

आता याच संहितेचे त्याच्या लगतचे ९४ वे कलम पाहा. कोणताही दस्तऐवज, इलेक्ट्रॉनिक संदेश, किंवा डिजिटल पुरावा ज्यात असण्याचा संभव आहे असे संपर्काचे उपकरण हजर करणे तपासासाठी ‘आवश्यक किंवा इष्ट’ आहे, असे पोलीस ठाण्याच्या प्रमुख अधिकाऱ्यास वाटले, की त्याने लेखी हुकूम काढावा आणि नागरिकाने आपला मोबाइल मुकाट्याने त्याच्या टेबलावर आणून ठेवावा! न्यायालयाची गरज नाही, वरिष्ठांची गरज नाही. हे कलम टपालातील पत्राला व पोस्टकार्डाला लागू नाही, असे त्याच कलमात पुढे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे पोस्टकार्डाची आठवण विधिमंडळाच्या पंडितांना बरोबर झाली. ज्या यंत्रात माणसाचे सारे आयुष्य साठलेले असते, त्याचे संरक्षण तेवढे त्यांना सुचले नाही.

मोबाइल ही एक वस्तू आहे, या समजुतीत या साऱ्या गोंधळाचे मूळ आहे. पंचनाम्यात लिहिले जाते ‘एक मोबाइल, काळ्या रंगाचा, काच तडकलेली’. पंच सही करतात, लाखेची मोहोर बसते, मुद्देमालाचा क्रमांक पडतो. परंतु त्या काळ्या डबीतून जे बाहेर येते, त्याचा पंचनाम्यात उल्लेख कोठे असतो? वीस वर्षांचा पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार, डॉक्टरांची निदानपत्रे, वकिलाशी झालेले बोलणे, कोणत्या दिवशी कोणत्या वेळी आपण कोठे होतो याची नोंद, आणि पत्नीच्या, बहिणीच्या, मित्रांच्या विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी. यांतील पुष्कळसा भाग त्या यंत्रात नसतोही. ज्याला क्लाउड म्हणतात, त्या परदेशी कंपन्यांच्या दूरच्या कोठारांत तो असतो. खिशातले यंत्र ही केवळ किल्ली होय. किल्ली जप्त केली म्हणजे कोठारही जप्त झाले, असे आमच्या कोणत्याही कायद्यात म्हटलेले नाही. व्यवहारात मात्र तेच घडू शकते. नव्या संहितेच्या १०५ व्या कलमाने झडतीचे व जप्तीचे चित्रण करणे सक्तीचे केले, हे चांगलेच झाले. पण खरी झडती पुढे बंद खोलीत, संगणकाच्या पडद्यावर होते. तेथे पंच कोठले आणि कॅमेरा कोठला?

या कोठाराला एक पुढचा दरवाजाही आहे, आणि त्याची हकिकत उद्बोधक आहे. गूगल किंवा मेटा यांच्यासारख्या अमेरिकन कंपनीकडून खातेदाराचे नाव-गाव आमच्या पोलिसांना नोटीस देऊन मिळू शकते; पत्रांतील मजकूर सामान्यतः मिळत नाही. त्यासाठी भारत व अमेरिका यांच्यात २००१ साली झालेल्या व २००५ पासून अमलात असलेल्या परस्पर साहाय्याच्या कराराप्रमाणे विनंती पाठवावी लागते, आणि तेथील न्यायाधीशापुढे सबळ कारण दाखवावे लागते. हा मार्ग इतका मंद आहे, की तपास अधिकाऱ्याने कपाळाला हात लावावा. ब्रिटनने व ऑस्ट्रेलियाने अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्याखाली स्वतंत्र करार करून आपली वाट सुकर करून घेतली. आमच्याकडे मात्र पुढचा दरवाजा अडला म्हणून मागच्या दाराने जायचे, मोबाइल उघडून घ्यायचा, आणि तेच कोठार रिकामे करायचे, ही सोय आहे. पुण्यातील नागरिकाची पत्रे वाचावीत की नाही, हे अमेरिकेतील न्यायाधीशाने तपासावे आणि पुण्यातील न्यायाधीशाला कोणी विचारूही नये, याला स्वतंत्र देशाचा न्याय म्हणायचे काय?

पोलिसांना हा पुरावा लागतो, हे आम्ही नाकारीत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ‘कुबेर’ नौकेवर मिळालेल्या जीपीएस यंत्राने कराचीपासूनचा सागरी मार्ग उघडा केला, आणि अमेरिकेच्या एफ. बी. आय.च्या तज्ज्ञांनी त्याबाबत मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली. आज पेन्शनरांची आयुष्यभराची पुंजी ‘डिजिटल अटके’ची भीती घालून लुटणारे भामटे मोबाइलच्या व बँकखात्यांच्या नोंदींवाचून सापडणार कसे? यंत्र लपविले जाईल, मजकूर दुरून पुसला जाईल, अशी घाई असेल तेव्हा ते आधी ताब्यात घ्यावे. त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती न्यायालयाला न विचारता ते उघडण्यास, आणि एका गुन्ह्याच्या निमित्ताने सारे आयुष्य चाळण्यास.

तळे राखील तो पाणी चाखील, असे आपण म्हणतो. २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मुंबईतील एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर केंद्रीय यंत्रणांचे तपास चालू असताना, अनेक वर्षांपूर्वीची व्हॉट्सअॅपवरील खाजगी संभाषणे वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर अक्षरशः वाचून दाखविली गेली. संदेश वाटेत कोणालाही वाचता येत नाहीत, असा खुलासा कंपनीने केला, आणि तो खराही होता. परंतु यंत्रातला व क्लाउडमधला साठा ही गोष्ट निराळी. त्या साठ्याला तसेच कुलूप लावण्याची सोय २०२१ साली आली, आणि तीही ज्याने आपणहून चालू केली त्यालाच. त्याच २०२१ च्या ऑक्टोबरात हैदराबादेत पोलीस रस्त्यावरून जाणाऱ्यांना थांबवून त्यांच्या मोबाइलमध्ये गांजाचे नाव शोधीत असल्याची चित्रे साऱ्या देशाने पाहिली. गुन्हा नाही, फिर्याद नाही, संशयित नाही; आधी झडती, मग गुन्ह्याचा शोध!

पुरावा शुद्ध राहिला की नाही, हा प्रश्न याहूनही गंभीर आहे. यंत्रातील मजकुराचा एक गणिती ठसा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात. एक स्वल्पविराम बदलला तरी हा ठसा बदलतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालील प्रमाणपत्रात तो नमूद करावा लागतो, हे योग्यच आहे. परंतु प्रमाणपत्र न्यायालयात जाते तेव्हा. जप्तीच्या क्षणी, पंचांसमक्ष, ठसा काढून त्याची प्रत मालकाच्या हाती द्यावी, असे बंधन कोठे आहे? भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये जप्त केलेल्या एका आरोपीच्या संगणकात आक्षेपार्ह पत्रे बाहेरून घुसडण्यात आली होती, असा निष्कर्ष बचाव पक्षाच्या वतीने तपासणी करणाऱ्या अमेरिकन संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही. कोण खरे, ते न्यायालय ठरवील, आम्ही नाही. पण ज्या पुराव्यावर माणसे वर्षानुवर्षे तुरुंगात राहतात, त्याच्याविषयी असा वाद उपस्थित होण्यास जागाच उरू नये, ही काळजी सरकारने पहिल्या दिवशी घ्यावयाची असते.

राहता राहिला पासवर्ड. मार्च २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने म्हटले, की मोबाइलच्या झडतीला वॉरंट हवे. पण पासवर्ड सांगणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने उलट मत दिले. बोटांचे ठसे घेणे ही साक्ष नव्हे, हा १९६१ चा मुंबई राज्याच्या खटल्यातील अकरा न्यायमूर्तींचा निर्णय या वादात आजही पुढे केला जातो. पण शाईच्या गादीवरचा अंगठा माणूस कोण ते सांगतो, आणि मोबाइलवरचा अंगठा त्याची तिजोरी उघडतो. या दोहोंना एकच माप लावणे आम्हांस पटत नाही.

खाजगी जीवन हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले. नोव्हेंबर २०२३ मध्ये पत्रकारांच्या यंत्रांच्या जप्तीबाबत त्याच न्यायालयाने केंद्र सरकारला मार्गदर्शक तत्त्वे करण्यास बजावले. डिसेंबरात सरकारने उत्तर दिले, की तोपर्यंत केंद्रीय यंत्रणा सी. बी. आय.च्या पुस्तिकेप्रमाणे वागतील. त्याच महिन्यात संसदेने नवी संहिता मंजूर केली, आणि तिच्यात मोबाइल उघडण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घेण्याची एक ओळही घातली नाही. ही पुस्तिकाही पडली केंद्रीय यंत्रणांची. महाराष्ट्राच्या ठाण्यांतील फौजदाराला तिचे बंधन काय? पोलीस हा विषय राज्याचा आहे आणि फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे. गृहखात्याने उद्याच्या उद्या परिपत्रक काढून न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून कोणताही जप्त मोबाइल उघडू नये, आदेशात गुन्ह्याशी संबंधित काळ व विषय नमूद असावा, आणि ठशाची प्रत जागच्या जागी मालकास द्यावी, असे ठाण्यांना बजवावे. पुढच्या अधिवेशनात विधिमंडळाने ९४ व्या कलमात दुरुस्ती करून ती राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवावी. तिचा मसुदा शोधण्यास फार लांब जावयास नको, ९५ व्या कलमात तो निम्मा तयारच आहे.