पाच किलोमीटर खोल पाण्यात पोकलेन! समुद्राचा तळ खणायची घाई नक्की कशासाठी?

रस्त्याच्या कडेला चालणारा पोकलेन आपण सगळ्यांनीच थांबून बघितलाय. आता तोच पोकलेन पाच किलोमीटर खोल समुद्रात उतरवायचा म्हटलं तर? गंमत नाही, अशी मशीन्स खरंच बनली आहेत. त्यातलं एक भारताचं आहे आणि या सगळ्याचा तुमच्या फोनच्या बॅटरीशीही संबंध आहे.

खाली आहे तरी काय?

खोल समुद्राच्या तळावर बटाट्याएवढे काळे गोळे पसरलेले असतात. त्यांत मँगनीज, निकेल, तांबं आणि कोबाल्ट असतं. असा गोळा दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. भारताला हे गोळे पहिल्यांदा 26 जानेवारी 1981 रोजी हिंदी महासागरात मिळाले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने ते वर काढले होते. आज मध्य हिंदी महासागरात भारताकडे 75,000 चौरस किलोमीटरचा पट्टा आहे. पण तो फक्त शोध घेण्यासाठी, खाणकामासाठी नाही.

साधा पोकलेन का चालत नाही?

पहिली अडचण दाबाची. तिथे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर, म्हणजे साधारण अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, 500 किलोपेक्षा जास्त भार असतो. डिझेल इंजिनला हवा नाही, म्हणून वरच्या जहाजातून केबलने वीज पाठवावी लागते. जीपीएस आणि रेडिओ सिग्नल पाण्यात पोचत नाहीत, म्हणून दिशा आवाजाच्या लहरींवरून शोधायची. आणि जमीन कशी? चिखलणी केलेल्या भातखाचरासारखी. मशीन जड झालं तर रुतणार, हलकं झालं तर पकड सुटणार.

चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं 'वराह' हे रुंद पट्ट्यांवर चालणारं मशीन 2021 मध्ये 5,270 मीटर खोलीवर चालवून बघितलं गेलं. समुद्रातून पृथ्वी वर काढणाऱ्या अवताराचं नाव अगदी फिट बसतं!

त्याच वर्षी बेल्जियमच्या एका कंपनीचं 25 टनांचं 'पटानिया 2' प्रशांत महासागरात साडेचार किलोमीटर खोलीवर केबलपासून सुटलं आणि तळाशी अडकलं. काही दिवसांनी ते परत मिळालं. पण अशा खोलीत कुणाला खाली पाठवून दुरुस्ती करता येत नाही, हे सगळ्यांना कळलं.

मग भांडण कशावरून?

2022 मध्ये 'द मेटल्स कंपनी' आणि 'ऑलसीज' यांनी प्रशांत महासागरात चाचणी घेऊन 3,000 टनांहून जास्त गोळे पाइपने जहाजावर आणले. म्हणजे तंत्र जमतंय. आता प्रश्न परवानगीचा आहे.

देशांच्या हद्दीबाहेरचा समुद्रतळ सगळ्या मानवजातीचा, असं आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतो. त्याचा कारभार जमैकातल्या किंग्स्टनमधली आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण ही संस्था बघते. तिचे खाणकामाचे नियम जुलै 2025 च्या बैठकीतही पूर्ण झाले नाहीत. अमेरिका या संस्थेची सदस्यच नाही. एप्रिल 2025 मध्ये ट्रम्प यांनी खोल समुद्रातल्या खाणकामाला वेग देणारा आदेश काढला आणि काही दिवसांतच 'द मेटल्स कंपनी'ने थेट अमेरिकेकडे परवान्यासाठी अर्ज केला. सोसायटीचे नियम ठरायच्या आधीच एकाने शेजाऱ्याकडून चिठ्ठी आणून सामायिक गच्चीवर बांधकाम काढावं, तसं हे झालं.

दुसरीकडे फ्रान्स, जर्मनीसह अनेक देश 'आधी थांबा' म्हणतायत. कारणही पक्कं आहे. पेरूजवळ 1989 मध्ये प्रयोगासाठी तळ नांगरला होता, त्या चऱ्या 26 वर्षांनीही तशाच दिसत होत्या. गोळा उचलला की त्याला चिकटून राहणाऱ्या जीवांचं घरही जातं आणि ते पुन्हा बनायला लाखो वर्षं लागतात.

आपल्या फोनचं काय?

कंपन्या सांगतात, कोबाल्टसाठी हे हवंच. जगातलं बहुतांश कोबाल्ट काँगोमधून येतं आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलंही राबतात. हा मुद्दा खरा आहे. पण अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत आता कोबाल्ट आणि निकेल नसलेल्या एलएफपी बॅटऱ्या येतायत. म्हणजे मागणी नक्की किती राहील, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पापुआ न्यू गिनीने हा धडा घेतलाय. तिथल्या 'सोलवारा 1' प्रकल्पासाठी अवाढव्य मशीन्स बनली, सरकारचे पैसे गुंतले, पण 'नॉटिलस' कंपनी 2019 मध्ये बुडाली आणि खोदकाम झालंच नाही.

भारताने 2021 मध्ये 4,077 कोटींचं डीप ओशन मिशन मंजूर केलं. सप्टेंबर 2025 मध्ये कार्ल्सबर्ग रिजमध्ये शोध घेण्याचा आणखी एक करारही केला. तंत्र शिकणं, तळाचा नकाशा बनवणं यात आपण मागे राहू नये, हे बरोबरच. पण खणायची घाई करणं वेगळं. तोवर तुमच्या हातात एक सोपी गोष्ट आहे. ड्रॉवरमध्ये पडलेला जुना फोन ई-कचरा केंद्रात द्या. त्याच्या बॅटरीतलं कोबाल्ट आधीच जमिनीवर आलेलं आहे. त्यासाठी पाच किलोमीटर खाली जायची गरज नाही.