देव विचारता, कार्डही विचारा

माघ पौर्णिमेला दरेकसा स्थानकावर कचारगडच्या यात्रेची गर्दी उतरते. त्या गोंड भाविकांत गावोगावच्या आशाताई असणारच. आरोग्य खात्याला मात्र त्या आठवतात नोंदवह्या भरण्यापुरत्या.

त्यांची खरी गरज सोयरिकीच्या बैठकीत आहे. सोयरीक जुळवताना गोंड घरात आधी प्रश्न येतो : तुमचे देव किती? चार, पाच, सहा की सात? आकडा सारखा निघाला की बोलणी तिथेच थांबतात. पण देव वेगळे असले म्हणून सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार टळत नाही. वधू-वर दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के. तेव्हा त्याच बैठकीत सिकलसेल तपासणीचे कार्डही मागितले जावे. परक्या डॉक्टरने हे विचारले तर घर गप्प होते. गोंडी बोलणाऱ्या, नात्यातल्या आशाताईला उत्तर मिळते. अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक वस्त्यांत 'प्रोमोतोरा', म्हणजे वस्तीतल्याच आरोग्यसेविका, याच आपलेपणावर काम करतात. आशा गावातलीच हवी, ही २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानाची अटही त्यासाठीच होती.

आशांच्या मोबदल्याचा काही भाग मात्र अजून कामागणिक मोजला जातो. सोयरिकीच्या बैठकीत गेलेली संध्याकाळ कोणत्या रकान्यात लिहायची? जिल्हा परिषदेने असा रकाना पुढच्या यात्रेआधी तयार करावा, आणि माहितीपत्रके गोंडीतही छापावीत.