कान दुखतो, जबडा पाहिला काय?

निदानाची साधने गेल्या काही दशकांत विपुल झाली. निदानाची दृष्टी त्या प्रमाणात विस्तारली काय, असा प्रश्न बालरुग्णांच्या जबड्याच्या सांध्याविषयी विचार करताना मला पडतो.

मूल कान दुखतो म्हणून येते. ताप नसतो, कर्णपटल स्वच्छ असते, तरीही पुष्कळदा अँटिबायोटिक लिहिले जाते. वास्तविक जबड्याच्या सांध्याची व कानाच्या काही भागाची संवेदना एकच चेता वाहून नेते. म्हणून सांध्याचे दुखणे कानात जाणवते. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये या संबंधाकडे लक्ष वेधले. त्यांची कारणमीमांसा पुढे टिकली नाही, निरीक्षण मात्र उपयोगी ठरले.

याहून गंभीर गोष्ट हनुवटीवर पडलेल्या मुलांची. जखमेला टाके पडतात. पण आघात हनुवटीवर आणि अस्थिभंग कानापुढे, असेही घडते. तो नजरेतून सुटला तर सांधा जखडतो, तोंड उघडेनासे होते आणि खालच्या जबड्याची वाढ खुंटते. बालसंधिवात या सांध्यात शिरला तर कित्येकदा वेदनाही नसते. साधा एक्स-रे प्रारंभी निर्दोष दिसतो. कॉन्ट्रास्ट एमआरआयच दाह दाखवतो. परंतु तो करावा अशी शंका आधी डॉक्टरांच्या मनात यावी लागते.

त्यासाठी लागते एक मिनिट. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूस सरकते काय? मुलाची स्वतःचीच तीन बोटे उभी धरून दातांमध्ये मावतात काय? कानापुढे दाबल्यास दुखते काय? गर्दीच्या ओपीडीतही एवढे शक्य आहे. अर्थात, वेदनारहित नुसती ‘कट्‌कट्’ म्हणजे रोग नव्हे. तिच्यापायी पालकांना घाबरवणे हाही निदानाचा अतिरेकच.

आपल्या मंडळाच्या बालआरोग्य शिबिरांत वजन, उंची, दात व डोळे यांची नोंद होते. त्या पत्रकात ‘जबड्याची हालचाल’ ही एक ओळ वाढवावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. आणि एखाद्या आईने ‘डॉक्टर, जबडा पाहिलात का?’ असे विचारलेच, तर आपण तो अधिक्षेप मानू नये. तिच्या मुलाचे तोंड एकदा नीट उघडून पाहावे.