अकलूजची इटालियन द्राक्षे

शेजारी गुजरातची दारूबंदी असल्याने आमच्या सिल्वासात येणाऱ्या पाहुण्यांची दृष्टी पानाआधी पेल्याकडे वळते. परवा एका स्नेह्याने सोलापूर जिल्ह्यातील अकलूजची ‘सांजोवेसे’ ही तांबडी वाइन आणली. हे द्राक्ष मूळचे इटलीच्या तोस्काना प्रांतातले. फ्लॉरेन्स व सिएना यांमधील टेकड्यांवर होणाऱ्या ‘कियांती क्लासिको’त त्याचा वाटा निदान ८० टक्के असावाच लागतो. अकलूजला ते लावले ‘फ्रातेल्ली’ने. या शब्दाचा अर्थ ‘भाऊ’. इटालियन आणि भारतीय भावांचा हा भागीदारीतला उद्योग, आणि मद्यनिर्माते पिएरो मासीही तोस्कानाचेच.

गृहिणींनी ध्यानी घ्यावे ते हे, की या वाइनला आंबटपणा उपजतच आहे. म्हणून टोमॅटो तिला मानवतो. तिच्या तुरटपणाचे मात्र तिखटाशी मुळीच पटत नाही. त्या दिवशी मी हौसेने झणझणीत रस्सा केला आणि वाइन नुसती कडू लागली! स्निग्ध पदार्थाने तोच तुरटपणा निवळतो. तेव्हा टोमॅटो घालून बेताच्या तिखटाचा खिमा करावा. शाकाहारी मंडळींना पनीर चालेल. आपल्याकडच्या उकाड्यात बाटली अर्धा तास शीतकपाटात ठेवण्यास विसरू नये.