वाईन कुणाच्या द्राक्षाची?

जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकायला मंजुरी दिली, तेव्हा शेतकऱ्याचं भलं होईल असं सांगितलं गेलं. कुठल्या शेतकऱ्याचं? आपण बाजारातून आणतो ती थॉम्पसन द्राक्षं खायची. चांगली पांढरी वाईन होते ती शेनिन ब्लां, सोव्हिन्यो ब्लां या मूळच्या फ्रान्सच्या, बिया असलेल्या जातींची. त्यांचे मळे मुख्यतः नाशिककडे. आमच्या परभणीत कापूस नि सोयाबीन! विरोध झाला, निर्णय अमलात आला नाही. बरं झालं, असं मी म्हणते. वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी ठरवलं तर दारू दुकानाची बाटली आडवी होते. पण मैत्रिणींनो, साखर-तेल घेतो त्याच दुकानातल्या कपाटात बाटली आली, तर मत द्यायचं कुणाविरुद्ध? किराण्याविरुद्ध?